"सेरोटोनिन डाऊन आहे" म्हणजे नक्की कुठे?

आपल्या होस्टेलवर सध्या एक वाक्य फार जोरात आहे. कोणी दोन दिवस मेसला आला नाही, लेक्चर बुडवून पांघरूण घेऊन पडून राहिला, की विंगमधला कोणीतरी लगेच निदान करून मोकळा होतो, "त्याचं सेरोटोनिन डाऊन आहे रे!" २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' आला आणि 'केमिकल लोचा' हा शब्द घरोघरी पोचला. आता आपण पडलो शिकलेले, म्हणून लोच्याला नाव दिलंय, एवढाच फरक. आणि नाव मिळालं की उपायही तयार असतात. केळी खा, उन्हात बस, डार्क चॉकलेट खा...

चेष्टेचं सोडा. माझा आक्षेप वेगळाच आहे. आपण इंजिनिअरिंगवाले मेंदूकडे होस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीसारखं बघतो. लेव्हल खाली गेली की मोटर लावायची, टाकी भरली की नळाला पाणी. सेरोटोनिन म्हणजे पाणी आणि गोळी म्हणजे मोटर. चित्र एकदम सोपं आहे, पण चुकीचं आहे. आणि त्याच्यापायी आपल्यातली काही मुलं चालू असलेलं औषध अर्ध्यावर सोडतात, म्हणून हा लेखाचा खटाटोप. मी डॉक्टर नाही, ई अँड टीसीचा विद्यार्थी आहे. पण हा विषय मुळात ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचाच असल्यामुळे आमच्या ब्रँचला त्यावर थोडा हक्क पोचतो असं समजून घ्या!

आधी या रसायनाची थोडी कुंडली. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी रक्ताच्या सीरममधून एक पदार्थ वेगळा काढला. तो रक्तवाहिन्या आवळायचा. सीरममधला टोन वाढवणारा, म्हणून सेरोटोनिन. म्हणजे बारसं झालं तेव्हा मूड, आनंद वगैरेचा काही संबंधच नव्हता. तिकडे इटलीत एर्सपामर नावाच्या शास्त्रज्ञाला हाच पदार्थ त्याआधीच आतड्यात सापडला होता, फक्त त्याने नाव दुसरं दिलं होतं. मेंदूत तो असल्याचं बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने पेजसोबत १९५३ साली दाखवलं. बाईंनी सुरुवात केली होती समुद्रातल्या शिंपल्यांपासून!

आजही हिशेब बघितला तर शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन पोटात, आतड्याच्या अस्तरात असतं. रक्तात जे असतं ते बहुतेक सगळं प्लेटलेट्सनी उचललेलं. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. मधे रक्त-मेंदू अडसर नावाची भिंत आहे. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदू स्वतः ट्रिप्टोफॅनपासून बनवतो. त्यामुळे केळ्यातलं सेरोटोनिन खाऊन मेंदूची टाकी भरत नाही. केळी चांगली आहेत, खा. मेसमध्ये फळ म्हणून तेवढंच तर मिळतं. पण औषध म्हणून नको. तसंच रक्त तपासून 'सेरोटोनिन लेव्हल' काढून देणाऱ्या लॅब असतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या घरच्यांनी अशी टेस्ट करून घेतली, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि "बघ, तुला काही झालेलं नाही, नाटकं बंद कर" असं त्याला ऐकवण्यात आलं. तो आकडा प्लेटलेट्सचा होता. डोक्यात काय चाललंय हे त्या कागदाला कसं कळणार?

आता डोक्यात शिरू. मेंदूच्या देठात, अगदी मधल्या रेषेवर, चेतापेशींचे काही पुंजके आहेत. त्यांना राफे केंद्रकं म्हणतात. राफे म्हणजे ग्रीकमध्ये शिवण. डावा आणि उजवा भाग जिथे शिवल्यासारखा दिसतो तिथे ही बसलेली. १९६४ साली स्वीडनच्या डालश्ट्रम आणि फुक्से यांनी उंदराच्या मेंदूच्या चकत्यांना फॉर्माल्डिहाइडची वाफ देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर सेरोटोनिन असलेल्या पेशी पिवळ्या चमकल्या. त्यांनी या पुंजक्यांना बी-१ ते बी-९ असे नंबर दिले. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यात सेरोटोनिनवाल्या फक्त काही लाख. पण त्यांच्या तारा पुढे कॉर्टेक्सपासून खाली पाठीच्या कण्यापर्यंत जवळजवळ सगळीकडे गेलेल्या. एक छोटं आकाशवाणी केंद्र आणि अख्ख्या राज्यात प्रक्षेपण!

ट्रान्समीटर एवढाच. खरी गंमत रिसीव्हरमध्ये आहे.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीवर बसलेलं प्रथिन. शुद्ध मराठीत ग्राही. सेरोटोनिनचा रेणू त्यात बसला की आतल्या पेशीत काहीतरी बदल होतो. पण काय बदल होणार हे सेरोटोनिन ठरवत नाही. रिसेप्टर कोणता आणि तो कोणत्या पेशीवर कुठे बसलाय, यावर ते ठरतं. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा आठवा. घंटा एकच. ती ऐकून पोरं डबा उघडतात, शिपाई फाटक लावतो आणि बाहेरचा वडापाववाला तेलात वडे सोडतो. आता कोणी म्हणालं की घंटा हे 'वडे तळण्याचं यंत्र' आहे, तर आपण हसू. सेरोटोनिनला 'आनंदाचं रसायन' म्हणणं हे याच जातीचं आहे.

सस्तन प्राण्यांत या रिसेप्टरची सात घराणी आणि मिळून चौदा प्रकार सापडले आहेत. सेरोटोनिनचं रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन, त्यामुळे रिसेप्टरना ५-एचटी १ए, १बी, २ए अशी नावं. मी पुढे नुसतं १ए, २ए म्हणतो, वाचताना जीभ अडखळायला नको. सातपैकी सहा घराणी जी-प्रोटीनवाली, म्हणजे निरोप आत पाठवून दुसऱ्याकडून काम करून घेणारी. तिसरं घराणं एकटंच वेगळं, ते सरळ आयनचं दार उघडतं. स्विच दाबला, दिवा लागला.

हे कुठे कुठे बसलेत ते कळलं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडला. १९७९ साली पेरुट्का आणि स्नायडर यांनी किरणोत्सारी रेणू वापरून दाखवलं की मेंदूत सेरोटोनिनचे निदान दोन वेगळे रिसेप्टर आहेत. मग १९८५ साली पाझोस आणि पालासिओस या जोडीने उंदराच्या मेंदूचा नकाशाच काढला. मेंदू गोठवायचा, मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतील इतक्या पातळ चकत्या कापायच्या, रिसेप्टरला चिकटेल असा किरणोत्सारी पदार्थ असलेल्या द्रावणात त्या बुडवायच्या, धुवायच्या, आणि अंधारात फिल्मवर दाबून ठेवून द्यायच्या. ट्रिशियमचे किरण इतके दुबळे की फिल्म उमटायला आठवडेच्या आठवडे जातात. मग फिल्म धुतली की जिथे रिसेप्टर दाट तिथे काळं, विरळ तिथे करडं. आपण एका शीटला तीन तास लागले तर ड्रॉइंगच्या सरांना शिव्या घालतो...

त्या काळ्या-करड्या डागांनी एक गोष्ट डोळ्यांना दाखवून दिली. रिसेप्टर सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. १ए राफेमध्ये आणि हिप्पोकॅम्पसमध्ये दाट. १बी हालचालींशी संबंधित बेसल गँग्लिया भागात, ग्लोबस पॅलिडस आणि सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये. २ए कॉर्टेक्समध्ये, खास करून पाचव्या थरातल्या मोठ्या पिरॅमिडच्या आकाराच्या पेशींवर. एलएसडीसारखे भ्रम निर्माण करणारे पदार्थ नेमके इथे काम करतात, म्हणजे या दाराने 'आनंद'च आत येतो असंही नाही. ४ आणि ६ स्ट्रायटममध्ये, ७ थॅलॅमस-हायपोथॅलॅमसमध्ये, जिथे शरीराचं घड्याळही आहे. २सी तर अजबच. तो सगळ्यात दाट सापडला कोरॉइड प्लेक्ससमध्ये, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी बनवणाऱ्या अस्तरात. तिथे विचारही नाही आणि भावनाही नाही, तो नुसता वॉटर सप्लाय. पण तोच २सी हायपोथॅलॅमसमध्ये भुकेवर लगाम ठेवतो.

आता माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात कामाचा आहे तो १ए, कारण तो दोन ठिकाणी बसून दोन वेगळी कामं करतो.

हिप्पोकॅम्पसमध्ये तो राफेकडून आलेला निरोप ऐकणाऱ्या पेशीवर बसतो. म्हणजे साधा रिसीव्हर. पण राफेमध्ये तो ज्या पेशी सेरोटोनिन सोडतात त्यांच्याच अंगावर बसलेला असतो. आपणच बोललेलं आपल्यालाच ऐकू यावं तसं. आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं की हा १ए पोटॅशियमचं दार उघडायला लावतो आणि पेशीचं फायरिंग मंदावतं. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांनी ओळखलंच असेल, हा चक्क निगेटिव्ह फीडबॅक! आउटपुट वाढला की गेन कमी. एरवी या पेशी सेकंदाला एक-दोन-तीन अशा घड्याळासारख्या टिकटिकतात, आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात.

आता या सर्किटमध्ये गोळी टाका. नैराश्यावर सर्रास दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं (फ्लुऑक्सेटिन त्यातलं गाजलेलं, अमेरिकेत १९८७च्या डिसेंबरात मान्यता मिळालेलं) सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारा पंप अडवतात. हे काही तासांतच घडतं. टाकीचं चित्र खरं असतं तर पहिल्याच रात्री बरं वाटायला हवं होतं. पण प्रत्यक्षात काय होतं? वाढलेलं सेरोटोनिन राफेतही साचतं, तिथला १ए ब्रेक दाबतो, पेशींचं फायरिंग खाली जातं, आणि कॉर्टेक्स-हिप्पोकॅम्पसला पोचणारी वाढ मामुलीच राहते. मग दोन-तीन आठवडे रोज हाच दाब सोसून राफेतला १ए हळूहळू बधिर होतो, ब्रेक ढिला पडतो, फायरिंग पूर्ववत होतं, आणि आता पंपही बंद असल्यामुळे पुढे खरी वाढ पोचते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्याच काळात हिप्पोकॅम्पसमधला १ए मात्र तसा ढिला पडत नाही. रेणू तोच आणि रिसेप्टरही तोच. बदलला तो फक्त पत्ता.

हे संपूर्ण उत्तर आहे असा माझा दावा नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होणं, पेशींमधले सांधे बदलणं यांचाही त्या उशिरात वाटा मानला जातो. राफेतला १ए आधीच अडवला तर औषध लवकर लागू पडेल, या विचाराने १९९४पासून पिंडोलॉल सोबत देऊन बघितलं गेलं; काही चाचण्यांत सुरुवात लवकर झाली, काहींत नाही. असो. पण उशीर लागतो हे मात्र सगळ्यांना मान्य आहे.

आमच्या विंगमधल्या एका मित्राला गेल्या वर्षी डॉक्टरांनी अशीच गोळी सुरू केली. (त्याला विचारूनच लिहितोय.) पहिला आठवडा त्याचं पोट ढवळत होतं, मेसचा वासही नको व्हायचा. मूड तर तसाच. नवव्या दिवशी त्याने आमच्यातल्याच एका हुशार माणसाचं ऐकलं, "सेरोटोनिन तर काही तासांत वाढतं, तुझ्यावर चालत नाहीये म्हणजे तुझा प्रॉब्लेम वेगळा आहे," आणि गोळ्या डस्टबिनमध्ये गेल्या. पुढे दोन आठवड्यांनी त्याच्या घरच्यांना गावाहून यावं लागलं. आज तो ठीक आहे, त्याच प्रकारच्या औषधावर आहे, आणि बॅकलॉगही एकच राहिलाय.

त्याला नकाशा कोणी दाखवला असता तर पोट ढवळण्याचाही अर्थ लागला असता. तिसऱ्या घराण्याचे रिसेप्टर आतड्याच्या नसांवर आहेत, आणि मेंदूच्या बुडाशी एरिया पोस्ट्रेमा नावाच्या ठिकाणी व त्याच्या शेजारीही. या एरिया पोस्ट्रेमात रक्त-मेंदू अडसर कमकुवत असतो, कारण रक्तात विष आलंय का ते चाखणं हेच त्याचं काम. उलटीवर सर्रास दिलं जाणारं ऑन्डॅनसेट्रॉन हाच रिसेप्टर अडवतं. म्हणजे मळमळ ही "औषध मला सोसत नाही" याची निशाणी नव्हती. सेरोटोनिन वाढलंय आणि ज्या दारावर लगेच परिणाम होतो तिथे तो झालाय, एवढाच तिचा अर्थ होता. स्विचवालं घराणं ना ते! बहुतेकांची ही मळमळ एक-दोन आठवड्यांत ओसरते. थोडक्यात, त्रास पहिल्या आठवड्यात आणि फायदा तिसऱ्या-चौथ्या. अशा वेळापत्रकात मधल्या दिवसांत माणूस टिकवणं हे खरं काम आहे, आणि ते काम रूम पार्टनरचं आहे.

इथे एक गंभीर गोष्ट, ती घाईत वाचू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली या औषधांवरची ठळक सूचना १८ ते २४ वयापर्यंत वाढवली: सुरुवातीच्या आठवड्यांत या वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, लक्ष ठेवा. १८ ते २४ म्हणजे आपलं अख्खं होस्टेल. याचा अर्थ औषध घेऊ नका असा नाही. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका आणि काही वेगळं वाटलं तर डॉक्टरांना लगेच कळवा, असा आहे. औषध बंद करायचं असेल तरी डॉक्टरांना विचारून, हळूहळू. काही आठवडे घेऊन झटक्यात सोडलं की चक्कर, डोक्यात शॉक बसल्यासारखं होणं, हे प्रकार होतात. रात्री-अपरात्री कोणी सापडत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर नोटीस बोर्डावर मेसच्या बिलाशेजारी लावायला काय हरकत आहे?

आता दुसऱ्या टोकाचे लोक. २०२२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेऊन लिहिलं की नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला ठोस, सातत्याने मिळणारा पुरावा नाही. झालं! लगेच "सगळी औषधं थोतांड" असे फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर. अरे बाबांनो, पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येतो का? टाकीचं चित्र खोटं ठरलं म्हणजे गोळी खोटी ठरत नाही. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचा आणि एक लाख सोळा हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्र हिशेब आला. त्यातली एकवीसच्या एकवीस औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस निघाली. फार मोठ्या फरकाने नाही, पण निघाली. कोणाला कोणतं आणि द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, विंग ठरवणार नाही.

आणि हो, हे नकाशे बरेचसे उंदराचे आहेत हेही लक्षात ठेवायला हवं. १ई हा रिसेप्टर आपल्यात आहे, उंदरात नाही. ५बी उंदरात चालू आहे, आपल्यात त्याचं जनुक मोडून पडलंय. १बीची गोष्ट तर भन्नाट आहे: माणसाच्या रिसेप्टरमधलं एक, फक्त एक अमायनो आम्ल बदललं की काही औषधांच्या बाबतीत तो उंदराच्या रिसेप्टरसारखा वागायला लागतो. एवढ्याशा फरकावर औषध चिकटणार की नाही ते ठरतं. म्हणून "उंदरावर सिद्ध झालंय" अशा बातम्या वाचून मेडिकलमधून सप्लिमेंट आणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. माणसाचे नकाशे आता जिवंतपणी पेट स्कॅनने काढता येतात. कोपनहेगनच्या मंडळींनी २०१७ साली निरोगी माणसांच्या स्कॅनवरून चार रिसेप्टर आणि त्या पंपाचा असा नकाशा छापला आहे. चौदापैकी चार!

तेव्हा विंगमधल्या मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी कोणाचं 'सेरोटोनिन डाऊन' दिसलं तर लेव्हल सांगत बसू नका. औषध चालू आहे का, सुरू होऊन किती दिवस झाले, आज जेवलास का, एवढं विचारा. नववा दिवस असेल तर पंचविसाव्याची वाट बघायला सोबत बसा. प्रॅक्टिकलची जर्नल्स कम्प्लीट करून दिलीत तर तीही या दिवसांत मोठी मदत आहे. (सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

आणि सरांना, रेक्टरांना एक मागणी आहे. आपल्याकडे आजारपणाच्या रजेच्या फॉर्मवर "आजार बरा झाल्याची तारीख" असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय हजेरी माफ होत नाही. कावीळ, मलेरिया, हात मोडणं, या सगळ्यांना तो रकाना चालतो. ज्याच्या गोळीला अजून तीन आठवडे लागणार आहेत त्याने तिथे काय लिहायचं? गेल्या वर्षी आमच्या मित्राने तिथे खोटी तारीख टाकली आणि त्या तारखेला तो वर्गात येऊन बसलासुद्धा. येत्या सेमपासून डॉक्टरांचं पत्र जोडलं असेल तर तो रकाना कोरा चालावा, एवढा एक ठराव होस्टेल कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये घ्यावा. अर्जावर आमच्या विंगच्या सह्या तयार आहेत, बाकीच्यांनी रूम नंबर टाकून करून द्याव्यात.